टाकी ते जेट : अकलूजचा ऊस आणि जुन्या मोटारसायकलीचे पेट्रोल

या धाग्याचा विषय जुन्या मोटारसायकलीच्या टाकीतून इंजिनापर्यंत जाणारे पेट्रोल हा आहे, आणि त्याची सुरुवात अकलूजच्या उसापासून होते.

ऊसपट्ट्यात जुनी गाडी बिघडली की सध्या एकच निदान ऐकू येते : इथेनॉलने गाडी खाल्ली. जावा चार किलोमीटरवर बंद पडली, इथेनॉल. बुलेटच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागले, इथेनॉल. दोन वर्षे गोठ्याच्या कडेला उभी असलेली राजदूत शंभर किका मारूनही सुरू होईना, तेही इथेनॉल. या निदानात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे, आणि त्याची किंमत मोजतो तो गाडीचा मूळ कार्बोरेटर. तो काढून भंगारात जातो, त्याच्या जागी दुसऱ्याच गाडीचा बसतो, आणि खरा दोष टाकीत तसाच राहतो.

दोष नेमका कोणाचा, हे ठरवायचे तर दोन इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात : उसाच्या मळीचा आणि मोटारसायकलीचा.

अकलूज नीरेच्या काठी वसले आहे. माळशिरस तालुका मुळात कमी पावसाचा. नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले आणि त्या पाण्यामागून ऊस आला. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ मध्ये सासवड माळी शुगर फॅक्टरी स्थापन केली आणि तिच्याभोवती माळीनगर उभे राहिले. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना श्रीपूरला निघाला. पुढे सहकाराच्या लाटेत शंकरराव मोहिते-पाटील यांच्या नेतृत्वाखाली अकलूजचा सहकारी कारखाना उभा राहिला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नदीपलीकडे इंदापूर तालुक्यात वालचंदनगर. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या ज्या वालचंद हिराचंदांनी तेथे उसाचे मळे आणि साखर कारखाना उभारला, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनी काढली. ऊस आणि मोटार यांचे नाते या भागात इतके जुने आहे.

उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. १९३२ मध्ये देशी साखरेला आयातीपासून संरक्षण मिळाले, कारखाने भराभर वाढले, आणि मळीचे करायचे काय हा प्रश्न प्रत्येक कारखान्यापुढे उभा राहिला. मळी आंबवून, ऊर्ध्वपातन करून आणि पाणी काढून टाकून जो अल्कोहोल मिळतो तो मोटारीत जाळता येतो, ही माहिती तेव्हाही नवी नव्हती. संयुक्त प्रांतात त्यासाठी १९४० मध्ये कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर केंद्राने १९४८ मध्ये 'इंडियन पॉवर अल्कोहोल अॅक्ट' केला. म्हणजे पेट्रोलमध्ये मळीचा अल्कोहोल मिसळण्याचा सरकारी विचार हा आजचा नाही. पहिली जावा म्हैसूरला तयार होण्याच्या तेरा वर्षे आधीचा तो आहे.

पुढची गंमत इतिहासाच्या अभ्यासकाला आवडावी अशी आहे. हा १९४८चा कायदा कालबाह्य ठरवून २००० मध्ये रद्द करण्यात आला. आणि लगेच पुढच्या वर्षी, २००१ मध्ये, पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. देशात त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांपैकी दोन महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रणाला सुरुवात झाली. त्यानंतर बरीच वर्षे हे प्रमाण कागदावरच रेंगाळले. देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली ती जून २०२२ मध्ये. तिथून मात्र वेग विलक्षण होता. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत ई-२० पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्के हेच देशभरचे सर्वसाधारण प्रमाण झाले. आधीचे उद्दिष्ट २०३०चे होते.

आता दुसरा इतिहास. मद्रासला १९५५ पासून जुळणी होऊ लागलेली बुलेट, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघालेली जावा आणि १९७३ नंतरची तिचीच येझदी, एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीवरून १९६२ पासून बनवलेली राजदूत. बागायतदाराच्या दारात बुलेट आणि दुधाच्या किटल्या लावलेली राजदूत ही चित्रे पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांपुढे आहेत. यांतली एकही गाडी २० टक्के इथेनॉल गृहीत धरून आखलेली नव्हती. मात्र इंधनातला मोठा बदल त्यांनी एकदा पचवलेला आहे, हेही नोंदले पाहिजे. त्या आखल्या गेल्या तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. तेव्हाही बुलेटच्या व्हॉल्व्हसीट झिजून जातील अशी भाकिते झाली होती. बुलेट चालत राहिल्या. जावा आणि राजदूतमध्ये तर व्हॉल्व्हच नाहीत, कारण त्या टू-स्ट्रोक.

या गाड्यांमध्ये पेट्रोल पुढे ढकलणारा पंप नसतो. टाकी उंचावर, कार्बोरेटर खाली, आणि मधले सगळे काम गुरुत्वाकर्षणाचे. विहिरीवरच्या हौदातून पाटाने वाफ्यात पाणी सोडावे तसाच हा प्रकार. पाणी वाफ्यात पोहोचत नसेल तर शहाणा शेतकरी हौदापासून पाटापाटाने चालत येतो, वाफा उकरत बसत नाही. गॅरेजमध्ये मात्र नेमके उलटे घडते. गाडी अडखळली की पहिला पाना कार्बोरेटरला लागतो.

पेट्रोलच्या या वाटेवरचा पहिला संशयित कार्बोरेटरपासून सर्वांत लांब आहे, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे टाकीच्या झाकणातले सुईएवढे छिद्र. पेट्रोल खाली उतरते तेव्हा त्याची जागा घ्यायला वर हवा यावी लागते. हे छिद्र धुळीने, पॉलिशच्या राळेने किंवा हौसेने केलेल्या नव्या रंगाने बुजले की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल यायचे थांबते. गाडी काही किलोमीटर झकास चालते, मग दम कोंडल्यासारखी बंद पडते, आणि दहा मिनिटे उभी केली की पुन्हा सुरू होते. टाकी काठोकाठ भरलेली असताना ती लवकर बंद पडते, कारण आत हवेला जागाच कमी असते. बंद पडल्या क्षणी झाकण उघडून सुस्कारा ऐकू आला की निदान झाले. खर्च शून्य. या एका छिद्रापायी किती कार्बोरेटर बदलले गेले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

दुसरा टप्पा टाकीचा तळ. जुन्या पत्र्याच्या टाकीत गंज असतोच, प्रश्न तो किती सुटा आहे एवढाच. येथे पेट्रोल कॉकची रचना समजून घेण्यासारखी आहे. कॉकला आत दोन वाटा असतात. नेहमीची वाट एका उभ्या नळीच्या तोंडाशी, तळापासून थोडी वर. रिझर्व्हची वाट अगदी तळाशी. त्यामुळे वर्षभर साचलेले पाणी आणि गंजाची पूड पहिल्यांदा इंजिनाकडे जाते ती नेमकी रिझर्व्ह लावल्यावर. 'रिझर्व्हला लागली की गाडी बिघडते' या तक्रारीचे उत्तर बहुधा एवढेच असते. आणखी एक बारकावा जुन्या ब्रिटिश धाटणीच्या दट्ट्याच्या कॉकचा. त्यात बुचाची गुंडाळी असते. गाडी कोरडी उभी राहिली की बूच सुकून आकसते आणि कॉक बंद केला तरी गळत राहतो. अशा वेळी कॉक फेकण्याची गरज नसते, नवे बूच पुरते.

गंज काढण्याच्या लोकप्रिय रीती दोन : टाकीत खडी किंवा नट-बोल्ट घालून हलवणे, आणि आम्ल. दोन्ही चालतात, फक्त शेवट नीट हवा. व्हिनेगर किंवा सौम्य फॉस्फरिक आम्ल वापरल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारावे, स्वच्छ पाण्याने धुवावे आणि टाकी तत्काळ वाळवावी. ओली टाकी एका रात्रीत पुन्हा तांबडी होते. गळकी टाकी डाग द्यायला नेणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. ज्या कारागिराकडे टाकी पूर्ण निर्वात आणि निर्धोक करण्याची पद्धत नाही, त्याच्यासमोर ती ठेवू नये.

तिसरा टप्पा नळी आणि गाळणी. पंप असलेल्या मोटारीची कागदी गाळणी जुन्या मोटारसायकलीला लावण्याची फॅशन आली आहे. दिसते छान, पण नुसत्या उंचीच्या दाबावर तिच्यातून पेट्रोल पुरेसे उतरत नाही आणि वरच्या अंगाला हवेचा बुडबुडा अडकून बसतो. तिथे बारीक जाळीची गाळणी योग्य. नळीच्या बाबतीत मात्र इथेनॉलवरचा आरोप खरा आहे. जुने रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, मग त्याला भेगा जातात. बाजारातली पारदर्शक प्लास्टिकची नळी काही महिन्यांत कडक होऊन तोंडाशी चिरते. इथेनॉल सोसणारी, व्हायटॉनसारख्या रबराची नळी थोडी महाग मिळते, पण गरम सिलिंडरच्या वर लटकणाऱ्या नळीत काटकसर करणे परवडत नाही.

एवढे झाल्यावर, आणि त्यानंतरच, एक साधी चाचणी. इंजिन थंड असावे, जागा उघडी असावी, जवळ विडी, दिवा, चूल काही नसावे. कार्बोरेटरकडची नळी काढून ती बाटलीत सोडावी, कॉक उघडावा आणि मिनिटभरात किती पेट्रोल येते ते मोजावे. किती यायला हवे, याचे गणित शाळकरी आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी आणि लिटरला ३० किलोमीटर देणारी गाडी तासाला २ लिटर पिते, म्हणजे मिनिटाला साधारण ३३ मिलिलिटर. बाटलीत मिनिटाला त्याच्या चौपट-पाचपट येत असेल तर टाकी, कॉक आणि नळी निर्दोष. ई-२०मुळे पेट्रोल काही टक्के जास्त लागते हे धरले तरी या निष्कर्षात फरक पडत नाही. झाकण लावून आणि काढून, नेहमीच्या वाटेवर आणि रिझर्व्हवर, अशी चार वेळा चाचणी केली की निम्म्या गाड्यांचे दुखणे कार्बोरेटरला हात न लावता कळून येते.

उरलेल्या निम्म्यांसाठी कार्बोरेटर उघडावाच लागतो. त्याच्या पेल्यात पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट असतो. पातळी वाढली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलची वाट बंद करते. संडासाच्या टाकीतला चेंडू जे काम करतो तेच हे. जुना पितळी फ्लोट डागाच्या जागी झिरपतो, आत पेट्रोल भरते, तो जड होऊन बुडतो आणि गाडी ठिबकू लागते. तो उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात बुडवला की बुडबुडे छिद्र दाखवून देतात. सुईचे टोक झिजून त्यावर कडे पडले असेल तर तेही गळते. यांत इथेनॉलचा वाटा फारसा नाही. हा पन्नास वर्षांच्या वापराचा हिशेब आहे.

आणि मग जेट. पितळेच्या या बारीक बोंडाच्या छिद्रातून किती पेट्रोल जावे हे कारखान्याने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत ठरवलेले असते. उभ्या गाडीतले पेट्रोल उडून गेल्यावर मागे राहणारा चिकट पिवळा थर नेमका इथे बसतो, आणि तो काढायला पोलादी सुई किंवा गिटारची तार घातली जाते. छिद्र साफ होते आणि मोठेही होते. ते पुन्हा लहान करता येत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये बुडवून ठेवणे आणि हवेचा झोत मारणे एवढेच या छिद्राला सोसते. वाळलेला थर हा बहुतांशी पेट्रोलचाच असतो. इथेनॉल एकटे सुकले तर असा डिंक मागे सोडत नाही. म्हणजे गोठ्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या राजदूतचा मुख्य गुन्हेगार तिचे दोन वर्षे उभे राहणे हा होता.

मग इथेनॉलच्या पदरात नेमके काय घालायचे? चार गोष्टी, आणि त्या किरकोळ नाहीत.

रबराची गोष्ट वर आली. तिच्याच जोडीला, इथेनॉल चांगले विद्रावक असल्यामुळे टाकीत वर्षानुवर्षे चिकटून बसलेला मळ आणि जुन्या पद्धतीचा आतला लेप ते सोडवते, आणि तो सगळा ऐवज जेटकडे निघतो. म्हणून कित्येक गाड्या ई-२० भरल्यावर पहिल्या दोन-तीन टाक्यांतच जास्त त्रास देतात.

दुसरे, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कोकणाच्या दमट हवेत ही भीती मोठी. माळशिरसच्या कोरड्या हवेत टाकीत पाणी शिरते ते बहुधा पावसात उघड्यावर उभ्या गाडीच्या सैल झाकणातून, किंवा प्रेशरने गाडी धुताना. वाट कोणतीही असो, परिणाम टू-स्ट्रोक गाडीला जीवघेणा आहे. जावा, येझदी, राजदूत यांच्या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑईलमधून. तळाशी बसलेल्या इथेनॉल-पाण्याच्या थरात ते ऑईल नसते, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. कॉक पहिल्यांदा खालचा थर देतो. काही मिनिटे वंगणाविना पळालेला पिस्टन सिलिंडरात चिकटतो, आणि मालक म्हणतो की ऑईल तर मापात घातले होते. त्याने खरोखरच मापात घातलेले असते.

तिसरे, धातू. पाणी धरलेले इथेनॉल जस्ताच्या आणि अॅल्युमिनियमच्या ओतीव भागांना खाते. कार्बोरेटरच्या पेल्यात दिसणारी पांढरी भुकटी हीच. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा अल्कोहोलवर चालणाऱ्या मोटारींच्या कार्बोरेटरला आतून निकेलचा मुलामा दिला जाऊ लागला. तेथे इंधनाबरोबर यंत्रही बदलले. म्हैसूरच्या जावाला तो मुलामा कोणी दिलेला नाही.

चौथे, हवेचे प्रमाण. एक किलो शुद्ध पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५. आधुनिक गाडीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरला ते कळत नाही. तो पूर्वीइतकेच पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण सुमारे ८ टक्क्यांनी पातळ होते. इंजिन तापते, चढावर दम सोडते. उपाय छोटा आहे. छिद्राचे क्षेत्रफळ ८ टक्के वाढवायचे तर व्यास ४ टक्केच वाढतो, म्हणजे १०० नंबरच्या जेटच्या जागी १०४-१०५च्या आसपासचा. तेवढ्यासाठी ड्रिल नको आणि नवा कार्बोरेटर तर नकोच. एक-दोन पायऱ्या मोठा जेट बसवायचा, मूळ जेट डबीत ठेवायचा.

मूळ जेट डबीत ठेवण्याला महत्त्व आहे, आणि इतिहासाची गोडी असणाऱ्या तरुणांनी याच ठिकाणी जास्त आग्रही व्हायला हवे. बर्मिंगहॅमची अमल कंपनी १९२७ मध्ये तीन कार्बोरेटर कंपन्यांच्या एकत्रीकरणातून निघाली. तिच्या धाटणीचा बुलेटवरचा कार्बोरेटर, किंवा जावावरचा चेकोस्लोव्हाक मुळाचा यिकोव्ह, हे सुटे भाग म्हणजे स्वातंत्र्योत्तर भारताने तंत्रज्ञान कोठून आणि कसे मिळवले याचे पुरावे आहेत. जुन्या वाड्याची सागवानी चौकट काढून अॅल्युमिनियमची बसवली की हळहळणारी मंडळी स्वतःच्या जावाला मात्र कालच्या जपानी धाटणीचा कार्बोरेटर बसवून 'व्हिंटेज' म्हणून फोटो टाकतात. रोज शेतावर जाणाऱ्या गाडीला ती मुभा आहे, कारण तिचे काम पोहोचणे हे आहे. व्हिंटेज म्हणवणाऱ्या गाडीला नाही.

कायद्याची दिशाही तीच आहे. केंद्राच्या २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांची व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चासिसमध्ये, सांगाड्यात वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. साठच्या दशकातल्या जावा आणि राजदूत या मर्यादेत केव्हाच आल्या आहेत. अशा प्रत्येक गाडीचे एक दप्तर असावे : कोणता जेट निघाला, कोणता बसवला, टाकी केव्हा धुतली, कॉकचे बूच केव्हा बदलले, बाटलीत मिनिटाला किती पेट्रोल आले. बखरींतल्या तारखांवरून रात्र रात्र वाद घालणाऱ्यांना एवढी वही अवघड नाही.

राहिला धोरणाचा प्रश्न. ऊसपट्ट्यात इथेनॉलविरुद्ध बोलणे सोपे नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. साखर गोदामात पडून राहते, इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात, आणि उसाचे बिल वेळेवर मिळणे त्यावर अवलंबून असते. जुन्या मोटारसायकलींच्या हौसेसाठी हा कार्यक्रम गुंडाळा असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण जुन्या गाडीच्या मालकाला गप्प बसवणे हाही न्याय नव्हे. नीती आयोगाच्या २०२१च्या मार्गदर्शक आराखड्यातच जुन्या वाहनांच्या रक्षणासाठी १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध ठेवावे असे सुचवले होते. १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई-२०वर ३ ते ४ टक्के घटेल हा अंदाजही त्याच आराखड्यातला. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही काही जुन्या वाहनांचे रबरी भाग २०,००० ते ३०,००० किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात हे मान्य केले. वर्षाला पाचशे किलोमीटर चालणाऱ्या आणि उरलेला काळ उभ्या राहणाऱ्या गाडीला हे किलोमीटरचे माप लागूच पडत नाही. तिचे रबर रस्त्यावर झिजत नाही, टाकीखाली भिजत राहते. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ई-२०विरुद्धची याचिका फेटाळली, तेव्हा न्यायालयाचा रस्ता तूर्त बंद झाला. आराखड्यातली सूचना मात्र अजून कागदावर आहे.

ती मागणी पुण्या-मुंबईच्या हौशी क्लबांनी करण्यापेक्षा अकलूज, माळीनगर, श्रीपूर या भागातून व्हावी. येथे गाडीचा मालक आणि उसाचा सभासद बहुधा एकच माणूस असतो, त्यामुळे त्याच्यावर ऊसविरोधाचा आरोप करता येणार नाही. मागणीही आवाक्यातली आहे. अनेक पंपांवर साधे आणि प्रीमियम अशा दोन पेट्रोलची सोय आधीपासून असते. तालुक्यातल्या एखाद्या पंपावर त्यातली एक बाजू १० टक्क्यांच्या पेट्रोलला द्यावी आणि नळीवर टक्केवारी मराठीत, ठळक लिहावी.

तोवर जुन्या टू-स्ट्रोकच्या मालकाने गाडी आठवड्याहून जास्त उभी करताना कॉक बंद करून इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे पेला रिकामा होतो. लांबच्या मुक्कामासाठी टाकीही रिकामी करून आतून ऑईलचा हात फिरवावा. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या किकेआधी कॉकखाली काचेची बाटली धरून तळाचे पेट्रोल काढून पाहावे. त्यात खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण ओतून काढावी, आणि ते पेट्रोल गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नये.